दिलवरची झोप

फाल्गुन लागला की माझं एका जागी बूड टेकत नाही. बाकीच्यांना होळीचे वेध लागतात, मला धास्ती लागते. खुर्चीवर बसले तरी पाय हलत राहतात. आमच्या गाडीचे ड्रायव्हर भास्करभाऊ सारंगखेड्याचे, घोड्यांच्या बाजारात वाढलेले. घाट चढताना आरशातून माझ्याकडे बघून ते म्हणतात, "ताई, फागुन उना का तुम्ही अश्या करतस, जशी घोडीले माशी चावनी."

"भाऊ, रस्त्याकडे बघा," मी म्हणते. पण पाय थांबत नाहीत.

मी सरकारच्या मानसिक आरोग्य पथकात समाजसेविका आहे. आमच्या पाड्यातली पहिली पदवीधर. हे मुद्दाम सांगते, कारण सांगितलं नाही तर लोक मला नर्सची मदतनीस समजतात. मराठी मी आश्रमशाळेत शिकले, अहिराणी तळोद्याच्या वसतिगृहात. घरची बोली पावरी. माझी पदवी कशातली हे माझ्या आईला अजून सांगता येत नाही. कुणी विचारलं तर ती म्हणते, "डोकं फिरलेल्यांशी बोलायची." याहून नेमकी व्याख्या मला कॉलेजातही कुणी दिली नव्हती.

पथक म्हणजे एक डॉक्टर, एक नर्स, मी आणि भास्करभाऊ. ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी जायचं, दवाखान्याच्या एका खोलीत बसायचं. डॉक्टर तपासतात, गोळी लिहितात. चिठ्ठीवर लिहिलेली गोळी आणि पोटात गेलेली गोळी यांच्यामध्ये जे जे येतं, ते सगळं माझं काम. आणि मध्ये काय काय येतं! नवऱ्याच्या दारूचा वास येतो, सासूची शंका येते, उसाच्या तोडीला गुजरातेत गेलेलं अख्खं घर येतं. एक निवृत्त गुरुजी दर खेपेला 'मित्रासाठी' गोळ्या न्यायला येतात. आम्हीही मित्राचीच चौकशी करतो. "मित्राला झोप लागते का?" "लागते, पण पहाटे जाग येते हो." एकदा नर्सबाईंनी मित्राचा रक्तदाब बघायचाय म्हणून गुरुजींचाच दंड पुढे करायला सांगितला. त्यांनी मुकाट्यानं बाही वर केली.

लोक आमच्या गाडीला 'येड्यांची गाडी' म्हणतात. सुरुवातीला राग यायचा. आता वाटतं, निदान गाडी कशाची आहे ते तरी पोचलं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: हे रक्तातून येतं का? धानोऱ्याकडचे एक बाबा आले होते, पांढरंशुभ्र धोतर, चांगली बागायत, मुलगा लग्नाचा. खोलीत कुणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "ताई, रगतनी तपासणी करतस का तुम्ही? येडानी?"

"कोणाची करायची, बाबा?"

"आंडोरना करता पोर देखेल शे. पोर चांगली शे, शिकेल शे. पन तिनी आजी येडी व्हती म्हने. मंग आते कसं करो?"

अशी तपासणी नसते, असं सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. मी विचारलं, "बाबा, मिरची लावतस ना तुम्ही?"

"लावतस म्हंजे? नंदुरबारना बजारमां जाईसन मन्ही मिरची देखा!"

"मंग सांगा. एकज पाकीटनं बी दोन वावरमां लावं. एकले पानी भरपूर, एकले तान बसना. तिखट कोनती व्हई?"

"तान बसेल ती. हाई काय इचारनं शे?"

"मंग बी बदलनं का?"

"बी कसं बदलई? बी एकज शे." म्हाताऱ्यानं माझ्याकडे बारीक डोळे करून बघितलं. "म्हंजे सून आनानी, आनि पानी देत ऱ्हावानं, आसं का?"

"आसं."

"पन काही बी मुळमांज नाजूक ऱ्हास, ताई."

"ऱ्हास," मी म्हटलं. खोटं कशाला सांगायचं? मुलगी त्यांनी केली की नाही, मला कळलं नाही. आमच्या धंद्यात गोष्टींचे शेवट फारसे कळत नाहीत.

डॉक्टरांना मी ही मिरची सांगितली. ते कोल्हापूरकडचे, वयानं माझ्याहून लहान, बोलायला नीट. म्हणाले, "ताई, दिशा बरोबर आहे." मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत लिहिते. आईबापाकडून आलेली जनुकं माणसाच्या पेशीपेशीत असतात. ती तीच राहतात, पण सगळी एकाच वेळी कामाला लागलेली नसतात. काही जोरात चालतात, काही गप्प बसवलेली असतात. कोणतं चालू ठेवायचं, कोणतं गप्प करायचं, यात माणसाच्या जगण्याचाही हात असतो. लहानपणची उपासमार, मार, भीती, जागरणं, आणि मायासुद्धा, तिथवर पोचते. मनाचा आजार एका जनुकानं होत नाही. पुष्कळांचा थोडा थोडा हातभार लागतो, आणि वर आयुष्य आपला भार टाकतं. "किती पोचतं आणि नेमकं कसं, हे अजून आम्हालाही पुरतं माहीत नाही," असंही ते म्हणाले. माहीत नाही असं म्हणणारा डॉक्टर मला आवडतो.

आता दिलवर.

तो आमच्याकडे पहिल्यांदा आला तो खाटेला बांधून. वरच्या अंगाच्या एका पाड्यावरून भाऊबंदांनी खाट खांद्यावर घेऊन सडकेपर्यंत आणली होती. होळी नुकतीच झालेली. अंगावर राखेचे पांढरे ठिपके तसेच. घसा बसलेला, तरी बोलणं थांबत नव्हतं. डोंगरांची लग्नं लावत होता. हा डोंगर त्या डोंगराला द्यायचा, तो म्हातारा डोंगर कुणी घेणार नाही, असं चाललेलं. तरणा पोरगा, उसाच्या तोडीत दोघांचं काम एकटा करणारा. खाटेच्या मागे त्याची बायको जोमी चालत आली होती, त्याच्या चपला हातात घेऊन.

मन भरधाव सुटण्याचा हा आजार. त्याची ठिणगी बहुतेक वेळा जागरणातून पडते. साध्या माणसानं रात्र जागवली तर तो दुसऱ्या दिवशी पेंगतो. या आजाराच्या माणसाला मात्र जागरणानं आणखी जोर चढतो. औषधानं दिलवर उतरला, बरा झाला. पुन्हा गुजरातेत तोडीला गेला. वर्षभर शहाण्यासारखा. जोमी रोज जेवणानंतर गोळी हातावर ठेवायची, तो गिळायचा. पुढच्या होळीनंतर पुन्हा खाट. त्याच्या पुढच्या होळीनंतर पुन्हा.

आमच्याकडची होळी म्हणजे काय, हे बाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. ती एका दिवसाची नसते, गावागावांच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी पेटतात. ज्यानं मानता केली, देवाला नवस बोलला असेल तो होळीच्या दिवसांत पालनी करतो, म्हणजे नेम पाळतो. खाटेवर झोपायचं नाही, घराच्या छपराखाली जायचं नाही, बाईला शिवायचं नाही, बाईच्या हातचं खायचं नाही. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं. असा बुध्या या गावची होळी करून त्या गावच्या होळीला जातो, नाचतो. मी लहानपणापासून बघत आलेय. ढोल वाजला की आजही माझे पाय आपोआप ठेका धरतात.

दिलवरची मानता त्याची स्वतःची नव्हती. त्याच्या काकाला, रुमाल्याला, हाच आजार होता. तेव्हा ना आमची गाडी होती, ना गोळ्या. बापानं भावासाठी देवाला बोल दिला: भाऊ बरा होऊ दे, माझा मुलगा पाच वर्षं होळीत पालनी करील. रुमाल्या बरा झाला नाही. नर्मदेच्या पाण्यात सापडला. पण बोल राहिला. दिलवरला काकाचं रक्तही मिळालं आणि काकाची मानताही. आणि होळीनंतर तो आजारी पडला की घरचे म्हणायचे, पालनीत चूक झाली, देव कोपला, हे वर्ष धरायचं नाही. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

एका फाल्गुनात, तळोद्याच्या बाजाराच्या दिवशी, जोमी एकटीच आली. पोट दिसायला लागलं होतं.

"तू सरकारची बाई," ती म्हणाली. "तू सांग त्याला, जाऊ नको." आमच्या बोलीत 'तुम्ही' फारसं चालत नाही, म्हणून इथं सगळे मला 'तू'च म्हणतील.

"तो काय म्हणतो?"

"म्हणतो, गेलो नाही तर पोरावर येईल. माझा बाप म्हणतो, या होळीत पुन्हा खाटेवर चढला तर तुला घेऊन जातो, पोटातल्यासकट. दुसरा नवरा बघतो." तिनं नाक पुसलं. "मला दुसरा नको. हा वर्षभर चांगला असतो. होळीतच काय होतं त्याला?"

मी नेहमीचे प्रश्न विचारत गेले. दारू? नाही. भांडण? नाही. "गोळी रोज देतेस?"

"रोज. माझ्या हातानं."

"होळीतही?"

ती मग लहान मुलाला समजावावं तसं म्हणाली, "पालनीत कशी देऊ? माझ्या हातचं त्याला चालत नाही."

मी उठून खिडकीशी गेले, परत आले, परत गेले. ज्या दिवसांत जागरण, त्याच दिवसांत गोळी बंद. दरवर्षी. मी पावऱ्यांची पोर, पालनीचे नेम मला पाठ. डॉक्टरांना गोळ्यांचे नियम पाठ. ही दोन पाठांतरं एकमेकांशेजारी ठेवायला जोमी यावी लागली.

डॉक्टर म्हणाले, "नाही म्हणजे नाही. त्याला पाठवायचं नाही."

"सर, न गेला तर वर्षभर प्रत्येक ताप, प्रत्येक मेलेली शेळी त्याच्या नावावर लागेल. तो ते ऐकत पडून राहील. तेव्हा त्याला झोप येईल?"

"आणि गेला तर? पुन्हा चढला तर? दर वेळच्या झटक्यानंतर पुढचा झटका यायला सोपा होतो, ताई. हे तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. त्यांचंही खरं होतं, माझंही. दोघं बराच वेळ भांडलो. शेवटी ते म्हणाले, "मी परवानगी देत नाही. पण तो जाणारच असेल तर गोळी एकही चुकता कामा नये. पाणी, जेवण वेळेवर. झोप मोडता कामा नये. आणि ही एक जादा गोळी जवळ ठेवा, चढायला लागला तर."

झोप कशी सांभाळायची हे विचारायला मी पाड्याच्या पुजाऱ्याकडे, खेमादादाकडे गेले. अंगणात मोहाची फुलं वाळत टाकलेली. तो राखण करत बसला होता.

"खेमादादा, होळीत दिलवर झोपतो का?"

"तो? अजिबात नाही. म्हणून तर सगळे त्याला मानतात. या होळीतून त्या होळीत, पाठ टेकत नाही. त्याच्यासारखा बुध्या या अंगाला झाला नाही."

"आणि तू पालनी केलीस तेव्हा?"

म्हातारा हसला. "न झोपता माणूस नाचेल का? एक होळी झाली की झाडाखाली पडायचो. असा घोरायचो की वाघ वाट बदलेल."

"मग नेमात जागणं नाही?"

"नेमात खाट नाही, छप्पर नाही, बाई नाही. झोप नाही असं कुणी सांगितलं तुला? शिकलीस तरी नेम विसरलीस का?"

मग काठीनं एक कोंबडी हाकलली. म्हणाला, "रुमाल्याही झोपायचा नाही. आम्ही म्हणायचो, याच्या अंगात देव आला. ढोलवाल्याला सांगायचो, आणखी जोरात." मग हात पुढे केला. "कुठाय तुझी गोळी?"

"पण पालनीत..."

"बाईच्या हातचं चालत नाही. माझ्या हातचं चालतं." त्यानं गोळ्यांची पुडी कमरेच्या बटव्यात चुन्याच्या डबीशेजारी ठेवली. जादा गोळी कोणती, ते दोनदा विचारून घेतलं.

होळीत मी रोज गाडी घेऊन वर जात होते. सरकारची असले तरी बाईच. जवळ जाता येत नव्हतं. जोमी आणि मी उतारावर उभ्या राहायचो. तिचा बाप दोन भावांना घेऊन आलेलाच होता, जरा पलीकडे बसून बिड्या ओढत. जोमीच्या कपड्यांचं गाठोडं त्यानं आधीच बांधून शेजारी ठेवलं होतं. पहिले दिवस नीट गेले. होळी पहाटे पेटायची, ऊन चढलं की खेमादादा दिलवरला झाडाखाली आडवा करायचा, स्वतः उशाशी बसायचा.

मग एका सकाळी जोमीनं माझा हात घट्ट धरला. "ऐक."

मला ढोलाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

"लग्नं लावायला लागला," ती म्हणाली.

खरंच. ढोलाच्या वर त्याचा आवाज येत होता, भरभर, डोंगरांची नावं घेत. भोवतालचे लोक हसत होते, ढोलवाल्याला चेव देत होते. खेमादादा पलीकडच्या घोळक्यात, पाठमोरा. मी वळून बघितलं. जोमीच्या बापाला सांगण्यात अर्थ नव्हता. धाडता येईल असा पुरुष एकच उरला.

"भाऊ, धावा! खेमादादाला सांगा, जादा गोळी. आणि ढोल बंद करा म्हणावं."

"मी?" भास्करभाऊंचे डोळे मोठे झाले. "त्या समदा मोरना पीस लायेल शेत, मी आठे पँटमां! माले काय समजतीन त्या?"

"भाऊ!"

"जास माय, जास."

आणि पोट सुटलेला तो माणूस उतारावरून असा धावला की धुरळा उडाला. गर्दीत घुसला, दिसेनासा झाला. मग ढोल थांबला. डोंगरात ढोल मध्येच थांबला की फार वाईट वाटतं, कुणीतरी गेल्यासारखं. नुसता दिलवरचा आवाज उरला. मग तोही खाली बसला.

त्याला मोहाखाली झोपवलं. गोळी खेमादादानं दिली, पाणी खेमादादानं पाजलं, डोळ्यांवर स्वतःचं फडकं टाकलं. दोन माणसं बसवली आणि कुणाला फिरकू दिलं नाही. दिलवर झोपला तो दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला तरी उठेना. दरम्यान शेजारच्या गावची होळी होऊन गेली, त्याच्याशिवाय.

दिलवरचा बाप कपाळावर हात मारून घेत होता. "मोडली. आता पुन्हा पहिल्यापासून. देव विचारील."

पलीकडे जोमीचा बाप उठला, गाठोडं उचललं.

खेमादादा म्हणाला, "देव मला विचारील. पुजारा मी आहे." आवाज चढवला नाही त्यानं. "बोल रुमाल्यासाठी दिला होता. रुमाल्याला आपण झोपू दिलं नाही. नाचवलं, आणि वर आरोळ्या मारल्या. त्यात मी होतो, तू होतास. या पोराकडे देवाचं काही देणं राहिलं नाही. पालनी झाली. याचीही, आणि याच्या पोराचीही."

सगळ्यांना पटलं असं नाही. काही कुरकुरत उठून गेले, आजही कुरकुरतात. दिलवर उठला तो तहानलेला. "माझी होळी?" म्हणाला.

"झाली. पड अजून."

तो पडला. पुढचे कितीतरी दिवस मी फोन वाजला की दचकत होते, सडकेवर खाट दिसते का बघत होते. खाट आली नाही. जोमीच्या बापानं गाठोडं खाली ठेवलं होतं, पण एवढंच म्हणाला होता, "पावसापर्यंत बघतो." पावसापर्यंत बघितलं, आणि गाठोडं तिथंच ठेवून गेला.

दिलवर कायमचा बरा झाला असं मी लिहिणार नाही. तसं या आजारात लिहिता येत नाही. गोळी चालू आहे. आणि या अंगाला दुसरे दिलवर आहेत, ज्यांच्या घरी जोमी नाही, खेमादादा नाही. त्यांच्यापर्यंत आम्ही खाट आल्यावरच पोचतो. म्हणून माझे पाय हलतात.

पावसाळ्याच्या शेवटी मी बाळ बघायला वर गेले. मुलगा. झोळीत झोपलेला, मूठ गालाखाली. दिलवर दाराशी दोर वळत बसला होता. जोमी हळू आवाजात म्हणाली, "याच्यात असेल का ते?"

"असू शकतं. दुसऱ्या पोरांपेक्षा जरा जास्त. नसूही शकतं. मला माहीत नाही, जोमी. डॉक्टरांनाही माहीत नाही."

तिनं मान हलवली आणि झोळीला हळूच एक हेलकावा दिला. तेवढ्यात खालून भोंगा वाजला. नाल्याला पाणी चढायला लागलं होतं, भास्करभाऊंना उतरायची घाई. दुसऱ्यांदा वाजला तशी जोमी ताडकन उठली आणि अंगणाच्या कडेला जाऊन सरकारी गाडीवर ओरडली, "ए गाडीवाल्या! भोंगा बंद कर! पोरगं झोपलंय!"

खिडकीतून डोकं बाहेर आलं. "चुकनं माय, चुकनं!" भास्करभाऊंनी कान धरले आणि चालू असलेलं इंजिनही बंद केलं. दिलवरनं दोर बाजूला ठेवून कोंबड्या घराच्या मागे हाकलल्या. मी चपला हातात घेतल्या आणि चिखलातून खाली उतरले, दार आवाज न करता लावलं. पहिल्या वळणापर्यंत भाऊंनी गाडी इंजिन न लावताच उतारावर सोडून दिली.